पाणी येणारे कोरडे डोळे

आधी एक दुरुस्ती. परवा मी इथे लिहिलं होतं की आमच्या चष्म्याच्या दुकानात मशीन ठेवून कोरड्या डोळ्यांची तपासणी सुरू करायला बाबांनी नकार दिला. तो नकार नव्हता. ते एवढंच म्हणाले होते, “त्याच्यासाठी कोण येईन वं?”

आज सक्करदऱ्याच्या कुंदामावशी नंबर वाढला म्हणून आल्या. डोळ्यांतून सारखं पाणी. नंबर तोच निघाला. मी म्हटलं, “मावशी, तुमचे डोळे कोरडे आहेत.”

बाबा हसले. “पाणी वाहून राहिलं, अन् म्हणे कोरडे!”

मी घाबरतच सांगितलं, की अश्रूंचा थर टिकत नाही, डोळा चुरचुरतो, म्हणून हे जास्तीचं पाणी येतं.

मावशी बाबांकडे वळल्या. “भाऊ, तुमी बी तं दिवसभर रुमालानं डोळे पुसता. बसा न खुर्चीत!”

ज्यांनी मला चष्मा बसवायला शिकवलं, ते पहिल्यांदाच माझ्यापुढे डोळे तपासून घ्यायला बसले. त्यांचेही डोळे कोरडेच! मला आनंद झाला, याची थोडी लाज वाटली. पण झाला.

“ते जुन्या फ्रेमांचं कपाट हलव तिथून,” बाबा म्हणाले. “तुह्या मशीनले जागा लागन.”

तुमच्या घरी कोण असं डोळे पुसत असतं? कपाट रविवारी हलवतेय. तपासणी सोमवारी सकाळपासून.