काहून आणि कायले

आमच्या महाल भागातल्या घरात 'काहून' आणि 'कायले' हे दोन वेगळे प्रश्न आहेत. काहून म्हणजे कशामुळे, कायले म्हणजे कशासाठी. लहानपणी शेजारच्या पोराला बदडून आलो की आई विचारायची, "काहून मारलं?"

"त्याले अक्कल यावी म्हणून."

"हे कायले झालं. मी काहून विचारून राहिली."

खरं कारण एवढंच असायचं की त्यानं मला कंच्यांत, म्हणजे गोट्यांत, हरवलेलं असायचं.

परवा आई आणि मी टीव्हीवर बातम्या पाहत होतो. एका परक्या सरकारनं युद्ध सुरू करताना सांगितलं होतं, शत्रूकडे भयंकर शस्त्रं आहेत. शस्त्रं काही सापडली नाहीत. आता त्यांचा प्रवक्ता म्हणत होता, तिथल्या जनतेला स्वातंत्र्य मिळावं म्हणून आम्ही लढतोय.

"अबे लबाडा, हे कायले झालं!" मी टीव्हीवरच ओरडलो. "काहून सांग!"

त्याच्या भाषेत या दोन प्रश्नांना वेगळे शब्द असतील का, याचं मला कुतूहल वाटलं. असावेत. कारण समोरची पत्रकार बाई त्याला पुन्हा पुन्हा तेच विचारत होती.

"कशी धरून राहिली त्याले," शेंगा सोलता सोलता आई कौतुकानं म्हणाली. "आपल्या इथं लढाई झाली तं असं कोणी काहून नाही विचारत गा?"

"फौजेचं मनोबल खचू नये म्हणून," मी तोऱ्यात सांगितलं.

आईचे हात थांबले.

"हे कायले झालं," ती म्हणाली.