माळावरचा झेंड्याचा खांब

जोयड्याबाहेर माळावर आमची शाळा आहे. पावसाळ्यात तिथं वारा नुसता भणाणतो. गेल्या वर्षी झेंडावंदन चालू असतानाच बांबूचा खांब मोडून मुलांच्या रांगेपुढं पडला. म्हणून यंदा मी बाजारातल्या वेल्डरला लोखंडी खांब करायला सांगितला.

हा माणूस बोलताना आपल्याकडं बघत नाही, लोखंडाकडं बघतो. मी उंची सांगायला लागले, तर त्यानं विचारलं, "वारं कुठनं येतं?" मला सांगता येईना. दुसऱ्या दिवशी तो स्वतः येऊन तासभर माळावर उभा राहिला. मग खाली जाड, वर बारीक अशा तीन नळ्या जोडून त्यानं खांब केला आणि काँक्रीटमध्ये रोवलेल्या दोन पट्ट्यांमध्ये बोल्टनं आवळला.

पंधरा ऑगस्टच्या आदल्या दुपारी तो न बोलावता आला, खांब आडवा केला आणि खालचा जोड कापून टाकला.

"अहो, चांगला होता की!" मी घाबरून म्हणाले.

"दिसायला चांगला हाय, बाई. पर माझ्या मनासारखा बसला न्हाई. हितं पोरं उभी ऱ्हात्यात."

त्यानं तो जोड नव्यानं केला आणि खांब परत उभा केला.

सकाळी तोही आला. वारा जोरात होता. मी मुलांना लांबच उभं केलं होतं. ते बघून तो खांबाच्या अगदी बुडाशी जाऊन उभा राहिला आणि मुलांना म्हणाला, "या की म्होरं."

मुलं माझ्याकडं बघायला लागली. आधी मीच पुढं गेले.