गोदाबाईची तीन बोटे

अमरावतीच्या कापूस बाजारात सरकलेली बेंबी बसवावी तर गोदाबाईनेच. अमेरिकेतल्या लढाईने रुईला सोन्याचा भाव आला होता आणि गठ्ठे वाहून वाहून निम्मे हमाल पोट धरून बसत. बाई त्यांना उताणे निजवी, बेंबीवर एरंडेल सोडी, तीन बोटांनी तिथला ठोका शोधी आणि तो मधोमध येईपर्यंत चोळी. मग दम भरी, "तीन दिवस वझं उचलशीन तं माह्याकडे येऊ नको!" दांडगे गडी तिच्यापुढे चूप होत. मी सरकारी दवाखान्यातला कंपाउंडर हरिहर, विलायती औषधांचा तोरा मिरवणारा; पण माझीही बेंबी तिनेच दोनदा बसवली होती. गुपचूप, अर्थात.

सहदेव तिचा धाकटा भाऊ. चांदूर बाजारकडची शेती सोडून तोही गठ्ठे उचलायला आला आणि त्याचे पोट दुखू लागले. तिने बोटे ठेवली. नेहमीचा ठोका बोटांना वर उचलतो. हा बोटांना एकमेकांपासून दूर लोटत होता. असे तिने कधी पाहिले नव्हते. पण ओसरीवर माणसे बसलेली, आणि 'मला समजत नाही' असे ती जन्मात म्हणाली नव्हती. "सरकली हाये," म्हणाली आणि चोळू लागली. हे सगळे तिनेच मला पुढे सांगितले.

तीन दिवस पडून राहिल्याने त्याला बरे वाटले. पंधरवड्याने दुखणे परतले, पुन्हा चोळणे झाले. तिसऱ्या खेपेला मात्र ती त्याला दवाखान्यात घेऊन आली.

गोरा डॉक्टर बराच वेळ त्याच्या पोटावर हात ठेवून होता. मग मला म्हणाला, "काळजातून खाली येणारी रक्ताची मोठी नळी जुन्या पखालीसारखी फुगली आहे. विलायतेत एकाने अशी नळी दोऱ्याने बांधून पाहिली, रोगी दोन दिवसही जगला नाही. मी शस्त्र लावणार नाही. याने निजून राहावे, वजन उचलू नये. वर्ष-दोन वर्षे निघतीलही. आणि विचार त्याला, कोणी पोट चोळले का?"

मी विचारले. सहदेवने बहिणीकडे पाहिलेसुद्धा नाही. "नाई महाराज. कोनं हात बी नाई लावला."

गोदाबाई दाराशी उभी होती. गप्प राहिली. मी तरी कुठे बोललो? त्याच्या पोटाला एरंडेलाचा वास येत होता, माझ्या चांगल्या ओळखीचा. बाईची अब्रू राखली, अशी मी मनाची समजूत घातली; खरे तर माझे बिंग फुटेल ही धास्ती होती. "नाही म्हणतो," एवढेच मी सांगितले. साहेब पुढच्या रोग्याकडे वळला आणि चोळू नका, हे सांगायचे राहून गेले.

आठव्या दिवशी त्याला कळ उठली. "बाई, दाब ना वं थोडं." तिच्याने राहवले नाही. चोळता चोळता बोटांखालचा ठोका नाहीसा झाला. तिला वाटले, बसली. मग त्याच्या पांढऱ्याफटक तोंडाकडे तिचे लक्ष गेले.

त्यानंतर तिने कोणाच्या पोटाला हात लावला नाही. लोक यायचे, विनवायचे. "मले समजत नाई," म्हणून ती दार लावून घेई.

वर्षभराने बाजारात भेटली. म्हणाली, "महाराज, त्या दिवशी तुमाले तेलाचा वास आला व्हता ना?"

सबबी पुष्कळ होत्या. "आला होता," मी म्हणालो.

ती रागावली असती तर बरे झाले असते.

"मले बी तोंड व्हतंच ना," ती म्हणाली.