भाऊजींनी वावर घेतलं

अख्ख्या वऱ्हाडात भाऊजींइतका संशयी माणूस दुसरा झाला नसेल, आणि माझी थोरली बहीण नेमकी त्यांनाच दिली होती. पाहुण्याने गोड चौकशी केली की हा काय मागायला आला असेल, या विचारात ते गढून जात. आणि पाहुणा काहीच न मागता उठला, तर मग त्यांना जेवण गोड लागत नसे. देवळात पुजाऱ्याने स्वतः प्रसाद तोंडात टाकलेला पाहिल्याशिवाय त्यांचा हात पुढे होत नसे. बहिणीच्या लग्नात मी त्यांना विडा दिला, तो त्यांनी उलगडून पाहिला होता.

भाऊजी कोष्टी. अकोल्यात त्यांचा माग होता. पण ती कापसाच्या तेजीची वर्षे. समुद्रापलीकडे कुठेतरी लढाई जुंपली होती आणि तिच्यापायी आमचा कापूस सोन्याच्या मोलाने मुंबईला चालला होता. अमरावतीच्या बाजारात गाड्यांना उभे राहायला जागा मिळेना. कुणब्यांच्या बैलांची शिंगे पितळेने मढली आणि कोष्ट्यांना सूत मिळेनासे झाले. माग थंड पडला, तेव्हा भाऊजींनी ठरवले की आता आपणच कापूस पिकवायचा. बहिणीच्या पाटल्या गेल्या आणि तेल्हाऱ्याच्या वाटेवर एक लहानसे वावर आले. तेही सहज नाही. दोघांनी आपली जमीन चांगली आहे असे सांगितले, म्हणून त्या दोघांची नापसंत झाली. तिसरा म्हणाला, घ्यायची तर घ्या, नाही तर राहू द्या. तोच काय तो खरा वाटला. तरीही, वरून काळी आणि खाली मुरूम असेल म्हणून भाऊजींनी तीन ठिकाणी कमरेइतके खोल खणून पाहिले. पुढे सरकारी मोजणीवाला साखळी घेऊन आला, तर यांनी आधी आपल्या गजाने त्याची साखळीच मोजून घेतली.

धुऱ्यापलीकडचे, म्हणजे बांधाच्या त्या बाजूचे, वावर आबांचे. आबा म्हणजे जन्मभर काळ्या मातीत राबलेला, कमी बोलणारा म्हातारा कुणबी. शेजारी नवखा आहे हे पाहून त्यांनी आपण होऊन सांगितले, वखराची एक पाळी जास्त द्या. भाऊजींनी एक कमी दिली. आबा म्हणाले, दाट पेरू नका. भाऊजींनी दाट पेरले. रान दाटले, तणही दाटले, बोंडे मात्र मोजकीच लागली.

"मी आयकनार नाही हे त्या म्हाताऱ्याले ठाऊक होतं," भाऊजी मला म्हणाले. "तरी सांगून राहिला. काहून?"

दुसऱ्या वर्षी ज्याने त्याने वावरभर कापूसच लावायचा बेत केला. जवारी कोणी पेरीना, बाजारात ती महाग होत चालली. घरात तीन पोरे. अर्ध्या वावरात जवारी टाका, असे बहीण म्हणाली, तर हिला हे कोणी शिकवले याचाच भाऊजी चार दिवस शोध घेत राहिले. पाचव्या दिवशी ती धुरा ओलांडून सरळ आबांकडे गेली. पेरणीच्या मदतीला आलो होतो म्हणून मी सोबत होतो.

"आबाजी, तुमी यायले जवारी पेरू नका म्हना," ती म्हणाली.

आबांना उमजायला वेळ लागला. "खोटं सांगू म्हंतं, माय?"

"लेकराइसाठी."

उन्हे उतरल्यावर आबा धुऱ्यावर आले आणि पायाखालच्या ढेकळाकडे पाहत म्हणाले की औंदा सारा कापूसच लावा, जवारीत काही राम नाही. एवढे बोलताना त्यांना घाम फुटला होता. भाऊजी बराच वेळ त्यांना न्याहाळत राहिले. दुसऱ्या सकाळी अर्ध्या वावरात जवारीची तिफण चालली.

त्याच हंगामात ती लढाई मिटली. वेचणी संपते न संपते तोच कापसाचा भाव कोसळला. लोक दाण्यासाठी गावोगाव हिंडू लागले तेव्हा बहिणीच्या घरची कणगी भरलेली होती. त्यानंतर दरसाल पेरणीआधी बहीण आबांना गाठायची, आबा धुऱ्यावर येऊन घाम पुसत उलटा सल्ला द्यायचे, आणि असे करता करता भाऊजी चांगले शेतकरी झाले.

मग एका उन्हाळ्यात आबा गेले. पेरणीचे दिवस आले, तरी भाऊजींची तिफण दोन दिवस नुसतीच उभी होती. बहिणीने मला बोलावून घेतले. भाऊजी धुऱ्यावर बसले होते.

"त्या म्हाताऱ्याले खोटं बोलता येत नोतं गा," ते म्हणाले. "पहिल्याच सांजले समजलं मले."

"मग त्यांना कधी बोलला नाहीत?"

"इतक्या कष्टानं बोलाचा बिचारा. त्याले कसं म्हनाव?"

जरा वेळाने, औंदा काय पेरावे, असे त्यांनी मला विचारले. भाऊजींनी कुणाला सल्ला विचारल्याचे मी पहिल्यांदाच ऐकत होतो. शेतीतले मला काय कळणार? मी म्हटले, माझ्या बहिणीला विचारा. त्यांनी माझ्याकडे एकदा नीट निरखून पाहिले, धोतराची माती झटकली आणि घराच्या वाटेला लागले.