गिरिजाक्का आणि पेशीचं पटल

गिरिजाक्का गेल्याचं मला तिच्या भावानं सांगितलं. कॉलेजात सकाळचं प्रात्यक्षिक चालू होतं, मुली सूक्ष्मदर्शकांवर वाकलेल्या होत्या, आणि बसवराज प्रयोगशाळेच्या दाराबाहेर चपला काढून उभा होता. मंद्रूपहून पहिल्या एस.टी.नं आला होता. मी बाहेर गेले तसा म्हणाला, "बाई, अक्का गेली. पहाटं. दुसऱ्या कुनाकडनं कळायला नको म्हून मीच आलो." मुलींना घरी पाठवून मी त्याच्याबरोबरच निघाले. मातीला मंद्रूपची निम्मी बाजारपेठ आली होती. त्या गर्दीत माझ्या मागे कुणीतरी म्हणालं, "जन्मभर तेलाचा अभ्यास केला, अन् शेवटी काळजानंच गेली की." त्याला पाच आठवडे झाले, पण ते वाक्य अजून कानातून जात नाही. म्हणून हे लिहिते आहे.

दुष्काळ सरला त्या वर्षी मी सोलापूरच्या कॉलेजात प्राणिशास्त्राची प्रयोगनिर्देशक म्हणून लागले. गिरिजाबाई तिथल्या अध्यापिका, माझ्याहून बारा वर्षांनी मोठ्या. वर्षभरात 'बाई'ची 'अक्का' झाली आणि 'तुम्ही'चं 'तू'. घरात कानडी, कॉलेजात मराठी, आणि रागावली की दोन्ही. तिच्या घरचा करडईच्या तेलाचा घाणा होता. वडील गेल्यावर धाकटा बसवराज तो बघायचा. अक्कानं लग्न केलं नव्हतं. का, ते कुणी विचारत नसे, आणि विचारलं तर ती हसून विषय बदलायची. चाळिशीला टेकल्यावर तिनं पीएच.डी.साठी नाव नोंदवलं होतं. पेशीचं पटल म्हणजे पक्की भिंत नव्हे, ते सतत हलतं-वाहतं असतं, हा विचार तेव्हा नवा होता. पुण्याहून मार्गदर्शकांनी पाठवलेले लेख ती हातानं उतरवून घ्यायची आणि दुपारच्या चहाला मला समजावून सांगायची. एकदा डिसेंबरात तिनं खिडकीत दोन बाटल्या ठेवल्या, एकीत वनस्पती तूप, दुसरीत घरचं करडईचं तेल. सकाळी तूप थिजलेलं, तेल वाहतंच. "तुरीच्या वाळल्या काड्यांची मोळी कशी घट्ट बसते? सरळ असतात म्हणून. आता बाभळीच्या वाकड्या फांद्या बांधून बघ. मध्ये फटी राहतातच की." तुपातल्या स्निग्धाम्लांच्या साखळ्या बऱ्याचशा सरळ असतात, एकमेकींना चिकटून बसतात. करडईच्या तेलातल्या ठिकठिकाणी वाकलेल्या असतात. आपण जे खातो त्यातल्याच साखळ्या पेशीच्या पटलात जाऊन बसतात. वाकड्या जास्त असल्या की पटल सैल राहतं, त्यात रुतलेल्या प्रथिनांना हलायला जागा मिळते... हे मला पुस्तकातून कधीच कळलं नसतं.

तिचा प्रयोग साधा होता. उंदरांचे दोन गट. एकाच्या खाद्यात करडईचं तेल, दुसऱ्याच्या वनस्पती तूप. दोन महिन्यांनी त्यांचं थोडं रक्त मिठाच्या पाण्याच्या नळ्यांत घालायचं. पाणी जसजसं अळणी, तसतशा तांबड्या पेशी ते ओढून घेऊन फुगतात आणि एका टप्प्याला फुटतात. गढूळ नळी मग एकदम स्वच्छ लाल दिसते. करडईवाल्या पेशी जास्त ताण सोसतील, असा अक्काचा अंदाज होता. बसवराजला मात्र अंदाजबिंदाज ठाऊक नव्हता. शहरातल्या गिरण्यांपुढे घाणा मागं पडत चालला होता, आणि आपल्या डब्यावर बहिणीच्या नावानं 'काळजाला उत्तम' असं छापायचं त्यानं मनाशी पक्कं केलं होतं.

त्या वर्षी मे महिन्यात अक्का दोन महिन्यांसाठी मंद्रूपला गेली. "थोडी विश्रांती घेते" एवढंच म्हणाली. उंदरांचं सगळं माझ्यावर सोपवलं. तेल काळोख्या कपाटात, झाकण घट्ट लावून ठेवायचं, हे तिनं दोनदा बजावलं होतं. पण त्या कपाटाचं दार फुगलेलं, दोन्ही हातांनी ओढावं लागे, आणि त्या उन्हाळ्यात माझं लग्न ठरवायचं चाललं होतं. आज हे पाहुणे, उद्या ते. मी महिन्याभराचं तेल एका रुंद तोंडाच्या बरणीत ओतलं आणि बरणी पश्चिमेच्या खिडकीत ठेवली. उघडी. सोलापूरच्या मे महिन्यात. काही दिवसांनी तेलाला खवट वास येऊ लागला, तो मला कळला. कळूनही मी तेच खाद्यात मिसळत राहिले. उंदरांना काय होतंय, असं वाटलं...

जूनअखेर अक्का परतली. जरा वाळली होती. नळ्या मांडल्या, आणि करडईच्या गटातल्या पेशी आधी फुटल्या, जवळपास पहिल्याच पातळ पाण्याला. तिनं पुन्हा रक्त घेतलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही तेच. त्याच आठवड्यात बसवराज निकाल ऐकायला आला.

"बसू, उलटं आलं," ती म्हणाली.

"म्हंजे? आपलं तेल वाईट हाय व्हय?"

"तसं म्हणाले का मी? मला अजून ठाऊक नाही, एवढंच म्हणते."

"मग डब्यावर काय लिवू?"

"तेल, असं लिही."

तो उठून गेला. मी शेजारी नळ्या धूत होते. तेव्हा मला बोलता आलं असतं. मी बोलले नाही. पुढचे आठ दिवस अक्का मिठाचं पाणी नव्यानं करत होती, तराजू तपासत होती, स्वतःच्या हातावर संशय घेत होती. नवव्या दिवशी तिनं माझ्या हाती एक पाकीट दिलं. "घरी जाताना टाक. पुण्याच्या सरांना कळवलंय, मला झेपत नाही, नाव काढून घेते." मी पोस्टाच्या पेटीपर्यंत गेले. पाकीट आत सरकवायला हात उचलला आणि तो पुढे जाईना. तशीच परत आले, आणि तिच्यासमोर उभं राहून बरणीचं सगळं सांगितलं.

 तिनं वही ओढली. "वास कधीपासून येत होता? पहिल्या आठवड्यात की दुसऱ्या? नीट आठव." मी सांगितलं, तिनं लिहून घेतलं. वही मिटल्यावर तिचा आवाज फिरला. "आठ दिवस मी रडकुंडीला आले होते, सुधा. तू बघत होतीस की गं." मला रडू फुटलं. तिनं समजूत घातली नाही. पुढचा महिनाभर ती माझ्याशी कामापुरतंच बोलली.

पण तिनं प्रयोग नव्यानं मांडला, या वेळी तीन गटांचा. तिसऱ्याला मुद्दाम उन्हात खवट केलेलं करडईचं तेल. साखळी जिथं वाकते तिथं पटल सैल होतं हे खरं, पण हवेतला प्राणवायूही नेमका तिथंच येऊन चिकटतो, आणि तेल खवट होतं ते त्यानंच. ताज्या तेलाच्या गटानं वनस्पतीवाल्यांपेक्षा थोडा जास्त ताण सोसला. खवट तेलाच्या पेशी धडाधड फुटल्या. या सगळ्यात एक अख्खं वर्ष गेलं.

मौखिक परीक्षेला ती मला पुण्याला घेऊन गेली. बाहेरच्या परीक्षकांनी विचारलं, "खवट तेलाचा गट घ्यायचं कसं सुचलं?" अक्का म्हणाली, "माझ्या सहकारी बाईंमुळे ध्यानात आलं." मला मान वर करवेना. परतीच्या गाडीत, कुर्डुवाडी मागे पडल्यावर, ती म्हणाली, "खोटं नाही बोलले मी. चूक तर कुणाकडूनही होते. पण पुन्हा असं आठ दिवस गप्प बसू नकोस, कुणाहीपाशी."

लहानपणच्या सांधेतापानं तिच्या हृदयाची झडप खराब झाली होती, हे मला मातीच्या दिवशी कळलं. बसवराजनं सांगितलं. त्या मे महिन्यात ती विश्रांतीला गेली ती डॉक्टरांनी नोकरी सोडायला सांगितलं म्हणून. हातात मोजकी वर्षं आहेत हे तिला तेव्हाच माहीत होतं. त्यातलं एक माझ्या उघड्या बरणीपायी गेलं, आणि हे तिनं मला कधीच कळू दिलं नाही. मी गप्प बसू नये म्हणणारी ती स्वतः मात्र गप्प राहिली... यावर अजून माझं तिच्याशी मनात भांडण चालू आहे.

गेल्या रविवारी मंद्रूपला जाऊन आले. बसवराजनं विचारलं, "बाई, लोकं कायबी बोलत्यात. तुमी तरी सांगा, आपलं तेल चांगलं हाय न्हवं?" मी म्हटलं, "ताजं असेल तर पेशीचं पटल सैल ठेवतं, एवढं अक्कानं दाखवलं. काळजाचं मला ठाऊक नाही. अक्काचं दुखणं मात्र तेलाचं नव्हतं. ते तिच्या लहानपणापासूनचं होतं."  "हे चारचौघांत सांगाल?" तो म्हणाला. म्हटलं, "सांगेन की." मग त्याच्या बायकोनं ताटं वाढली. कडक भाकरी, शेंगाची चटणी. चटणीवर घालायला तेलाची वाटी आणली, आणि घालण्याआधी ती माझ्या नाकापाशी धरली. "वास बघा, बाई. आमच्यात बघितल्याबिगर वाडत न्हाईत. अक्कानं लावलेली सवय हाय."

मी डोळे मिटून वास घेतला. तेल ताजं होतं. म्हटलं, "वाढा."