नानांनी पुन्हा कोरलेला ‘घ’

श्री. दिगंबर तांबट, म्हणजे आपणा सर्वांचे नाना, यांची आणि माझी पहिली भेट पिंपळनेरच्या प्रौढ साक्षरता वर्गात झाली. मी तिथे नव्याने शिकवू लागले होते. एके दुपारी बगलेत कागदाची गुंडाळी घेतलेले एक उंच गृहस्थ दाराशी आले आणि म्हणाले, “मी जळगावच्या टाइप फाउंड्रीत अक्षरे काढतो. तुमच्या वर्गातल्या बायकांनी हे वाचून दाखवले तर बरे होईल.”

नाना मूळचे सोनगीरचे. घरात तांब्यापितळेची भांडी घडवण्याचे काम पिढ्यान्‌पिढ्या चाललेले, त्यामुळे धातूवर हात लहानपणीच बसला होता. फाउंड्रीत ते आधी मोठ्या कागदावर अक्षर रेखाटत, मग तेच पोलादावर उलटे कोरत. त्यावरून साचा बने आणि साच्यातून छपाईचे शिशाचे खिळे ओतले जात. नवसाक्षरांच्या पुस्तकांसाठी त्यांनी अक्षरांचे एक नवे वळण तयार केले होते. खिळे ओतून झाले होते, बाजारात जायचे तेवढे बाकी होते.

आमच्या वर्गातल्या अनसूयाबाईंनी कागद हातात घेतला आणि बोट ठेवून वाचले, “हे माझे धर.” मग माझ्याकडे पाहून विचारले, “काय धरू व बाई? हातमा तं पाटी शे!”

सगळा वर्ग हसला. नाना हसले नाहीत. कागद उजेडात धरून ते बराच वेळ पाहत राहिले. साध्या कागदावर शाई पसरून ‘घर’मधला ‘घ’ आणि ‘ध’ जवळजवळ सारखे दिसत होते. “चूक त्यांची नाही, माझी आहे,” एवढेच म्हणून त्यांनी परतीची एसटी धरली.

फाउंड्रीचे मालक शेठजी माणूस भला, पण व्यापारी. दिवाळी अंकांचे छापखानेही याच नव्या खिळ्यांची वाट पाहत होते. “नाना, दोन अक्षरांसाठी सगळं थांबवायचं? वाचणारा समजून घेतो,” ते म्हणाले. नानांनी सांगितले, “ज्याला आधीच वाचता येतं, तो समजून घेतो. तुम्ही एकदा माझ्याबरोबर पिंपळनेरला चला. नाही तर माझा राजीनामा घ्या.” घरी धाकटी भावंडे शिकत होती आणि मिळवणारे नाना एकटेच होते.

शेठजी आले. पांढरी टोपी सावरत सतरंजीवर बसले. बायका वाचताना अडखळू लागल्या, तेव्हा काहीशा रागानेच त्यांनी कागद ओढून घेतला आणि मोठ्याने वाचले, “धागर.”

अनसूयाबाई म्हणाल्या, “शेठ, तुमले बी वाचता येत नही का?”

शेठजी स्वतःच खो खो हसले. जळगावला पोचल्यावर त्यांनी ओतलेले सगळे खिळे पुन्हा भट्टीत घालायला सांगितले. त्या वर्षीची दिवाळीची कामे दुसरीकडे गेली, पण त्याबद्दल शेठजींनी नानांना कधी एक शब्द ऐकवला नाही.

नानांनी ‘ध’ची गाठ मोठी केली, ‘घ’चा माथा सपाट केला आणि दोन्ही अक्षरे नव्याने कोरली. ते पुन्हा वर्गात आले. अनसूयाबाईंनी न अडखळता ओळ वाचली आणि म्हणाल्या, “आते घर दिखस!” नानांचे डोळे पाणावलेले मी तेवढे एकदाच पाहिले. शेठजींना त्या वळणाला नानांचेच नाव द्यायचे होते. नानांनी ते पिंपळनेरच्या नदीवरून ‘पांझरा’ ठेवायला लावले. पुढे धुळे-जळगावकडच्या कितीतरी लग्नपत्रिका, संस्थांचे अहवाल आणि शाळांची वार्षिके त्याच खिळ्यांनी छापली गेली.

नानांच्या स्वभावाबद्दल एकच प्रसंग सांगते. खिळे ओतणारे युसूफभाई यांचा हात तापलेल्या शिशाने भाजला. त्यांची जागा दुसऱ्याला देण्याचे घाटत होते. नाना रेखाटनाचे टेबल सोडून भट्टीपाशी उभे राहिले आणि हात बरा होईपर्यंत युसूफभाईंचे काम त्यांनी केले. यंत्राची युसूफभाईंसारखी सवय नानांना कुठली! पहिल्या दिवसांत निम्मे खिळे वाकडे निघाले. युसूफभाई बाकावर बसून हसत आणि तोंडी शिकवत.

फाउंड्री बंद झाली तेव्हा आम्हाला नानांची काळजी वाटली. ते मात्र धुळ्याला जाऊन पुतणीकडे संगणक शिकू लागले. आज सहस्रचंद्रदर्शनाच्या वयात ते ‘पांझरा’ मोबाइलच्या पडद्यासाठी नव्याने रेखाटत आहेत. त्याची बारीक आणि मध्यम जाडीची वळणे झाली, ठळक अजून बाकी आहे.

या लेखाविषयी सांगायला फोन केला, तेव्हा त्यांनी विचारले, “बाई, किती मोठ्या अक्षरात छापणार? वयस्कर मंडळी वाचणार आहेत, दाटी नको.” या अंकाच्या संपादकांना मी तसे कळवले आहे. नानांची नजर निर्मळ राहो, हात स्थिर राहो. ठळक वळण त्यांच्या मनासारखे उतरो आणि त्यानंतरचे तिरके वळण सुरू करायला त्यांना भरपूर, निरोगी वर्षे मिळोत.