छपराच्या पुलापाशी लागलेली रांग

डब्लिनमधल्या सिटीवेस्टहून निघताना मृणाल, माझी बायको, म्हणाली की आज तरी तोंड पाडून बसू नकोस. २०२१चा जून होता, डब्लिनबाहेर जायची बंदी नुकतीच उठलेली. एप्रिलमध्ये नागपूरला बाबा करोनाने गेले आणि मला जाता आलं नाही. ज्या माणसाने मोहल्ल्यातली एक मयत चुकवली नाही, त्याला पोचवायला माझा धाकटा भाऊ एकटा. हे काही केल्या गळ्याखाली उतरत नव्हतं.

वॉटरफोर्डच्या अलीकडे एका खेड्यात छप्पर असलेला जुना लाकडी पूल आहे, गावकऱ्यांनी स्वतः खपून दुरुस्त केलेला, असं कळलं होतं. आम्ही दोनदा चुकलो. एक शेतकरी म्हणाला, पूर्वी दुकान होतं तिथे वळा. आता पूर्वी कुठे काय होतं ते मला बापड्याला काय ठाऊक! पुढे मेंढ्या आडव्या आल्या. पोळी-चटणी गाडीतच खाल्ली.

पूल मात्र सुरेख. खाली काळंशार पाणी, वर छपराला नव्या फळ्या, दोन्ही काठांना नेचे. गाड्यांना बंद असल्याचा फलक होता. रस्त्याकडेला माणसं मास्क लावून, अंतर राखून उभी होती. रांग दिसली की आपण उभं राहायचं, ही जुनी खोड. कॉफीची असेल म्हणून आम्हीही शेवटी लागलो. पण रांग सरकेना, कोणी बोलेना. शेजारच्या बाईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, ग्रँड (म्हणजे इथे नुसतं 'ठीक'), येतीलच आता. कोण येणार, काही उमगेना.

तेवढ्यात त्या बंद पुलातूनच एक लांब काळी गाडी अगदी हळू बाहेर आली. काचेतून शवपेटी दिसली. निघावं की थांबावं? हात आपोआप जोडले गेले.

गाडी गेल्यावर बाईंनी सांगितलं, छपराचे वासे बसवणारा सुतार गेला. चर्चमध्ये मोजक्यांनाच परवानगी, म्हणून गाव रस्त्यावर आलं. दुरुस्तीनंतर पुलावरून पहिली गाडी त्याचीच. तुम्ही ओळखायचात का त्याला, असं त्यांनी विचारलं. मी नाही म्हणालो आणि काय झालं कोण जाणे, बाबांचं सगळं सांगून बसलो. परक्या बाईसमोर, भर रस्त्यात रडलो.

"नाव काय त्यांचं?"

"मधुकर."

लोक पांगू लागले होते. बाई निघता निघता परत जागेवर येऊन उभ्या राहिल्या. आता कोणासाठी, असं पलीकडच्या गृहस्थांनी विचारलं.

"मधुकरसाठी," त्या म्हणाल्या.

तेही थांबले. त्यांचं बघून आणखी काही जण. समोर रस्ता रिकामा, आणि आम्ही सगळे गप्प उभे. मृणालने माझा हात धरला.

परतताना गाडीतून आईला फोन केला. बाबांसाठी आज दहा-बारा माणसं उभी राहिली, म्हटलं.

"कोण रे?"

"माहीत नाही, आई."

मग ती म्हणाली, "उन्हात तर नव्हते ना उभे?"